धनाग्राचं ऋण

आमच्या परिभाषा-पंडितांवर माझा जुना राग आहे. १८३४ साली फॅरेडेनं छापलेल्या 'अॅनोड' शब्दात धन-ऋण काही नव्हतं. नुसती वरची वाट. आपण त्याचं 'धनाग्र' केलं! विद्युत अपघटनात जुळतं, मान्य. पण डॅनियलचा घट घ्या. जस्ताचं प्रमाण विभव उणे ०.७६, तांब्याचं अधिक ०.३४. ज्याचं कमी, ते इलेक्ट्रॉन सोडणार. म्हणजे ऑक्सिडीकरण जस्ताचं, क्षपण तांब्याच्या आयनांचं, मिळकत १.१० व्होल्ट. कसं सरळ! आता ऑक्सिडीकरण जिथं, ते धनाग्र. आणि घटाचं ऋण टोक? तेच जस्त! ऋणकोला गावानं धनाजीशेठ म्हणावं, तशातली गत. मी शाळेत भोळेपणानं 'धना'पुढं अधिक काढलं नि मार्क गेला. का, विचारलं तर मास्तर म्हणाले, "पाठ कर!"