हॉर्नचे बटण स्टेअरिंगवरच हवे

शेंदूरजनाघाट-वरूडचा पट्टा संत्र्याचा. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की बागांतून भरून निघालेले ट्रॅक्टर, पिकअप आणि ट्रक एकाच अरुंद रस्त्यावर येतात. पावसाळ्यात पन्हेऱ्यांमधून कलमे नेणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते. बागा अगदी रस्त्याला लागून असल्याने पांदणीचे तोंड जवळ जाईपर्यंत दिसत नाही. अशा रस्त्यावर हॉर्न ही चालकाची गरज आहे. मारुती ८०० आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी त्या काळातल्या कितीतरी गाड्या आजही घराघरांत वापरात आहेत. या गाड्यांचा हॉर्न बटण दाबूनही वाजेनासा झाला की ठरलेला उपाय केला जातो. डॅशबोर्डला भोक पाडायचे, बाजारातले पुश बटण बसवायचे आणि वायर ‘डायरेक्ट’ करून द्यायची. माझ्या मते ही पद्धत बंद व्हायला हवी. बटण जिथे आहे तिथेच दुरुस्त व्हावे, आणि त्यासाठी दोष शोधण्याच्या कामाला मजुरी देण्याची सवय आपण गाडीमालकांनी लावून घ्यावी.

जुन्या गाडीतली हॉर्नची रचना समजायला अवघड नाही. साधारणपणे बॅटरीकडून फ्यूजमधून येणारा प्रवाह रिलेपर्यंत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत, पोहोचलेला असतो. बटण दाबले की रिलेच्या गुंडाळीला ‘अर्थ’ (गाडीच्या बॉडीशी विजेची जोडणी) मिळतो, रिले ‘टक्’ करून जोडला जातो आणि हॉर्नला पूर्ण प्रवाह मिळतो. स्टेअरिंग फिरणारे, तर त्याखालची वायर स्थिर. म्हणून मध्ये पितळी किंवा तांब्याची स्लिप रिंग आणि तिच्यावर टेकलेली स्प्रिंगची पिन असते. बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो. रिंगवर धूळ आणि वाळलेल्या ग्रीसचा थर बसतो, पितळ काळे पडते, पिन झिजते, स्प्रिंगचा ताण जातो. काही गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्याला रबरी जोड असतो आणि त्याला वळसा घालून अर्थची एक छोटी पट्टी दिलेली असते. ती तुटली तर नवे कोरे बटणही निरुपयोगी ठरते.

म्हणूनच आधी दोषाची जागा शोधली पाहिजे. फ्यूज पाहावा. हॉर्नला थेट १२ व्होल्ट देऊन तो स्वतः वाजतो का ते तपासावे. बटण दाबताना रिलेचा आवाज येतो का ते ऐकावे. आवाज येऊनही हॉर्न गप्प असेल तर दोष रिलेच्या संपर्कात किंवा त्याच्या पुढे आहे. रिलेही गप्प असेल तर स्टेअरिंगकडे जाणारी वायर सोडवून अर्थला टेकवावी. हॉर्न वाजला, तर दोष बटणात, रिंगेत किंवा स्टेअरिंगच्या अर्थमध्ये. स्टेअरिंग विशिष्ट बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल, तर रिंग आणि पिन यांच्यावर संशय जातो. एवढे कळल्यावर बारीक पॉलिश पेपरने रिंग घासणे, पिन किंवा स्प्रिंग बदलणे, तुटलेली अर्थ पट्टी जोडणे हे काम अनुभवी हाताला जड नाही. संत्र्याच्या खोडातून डिंक गळू लागला की इथला बागायतदार नुसता डिंक पुसत नाही, जंभेरीच्या खुंटापर्यंत आणि मुळापर्यंत माती उकरून पाहतो. गाडीच्या वायरिंगलाही तीच शिस्त लागते.

‘पुश बटणानेही हॉर्न वाजतोच की, मग बिघडले कुठे?’ हा पहिला आक्षेप. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती १६ मीटरहून अधिक पुढे जाते. पांदणीतून अचानक ट्रॅक्टर बाहेर आला तर चालकाचे दोन्ही हात त्या क्षणी स्टेअरिंगवरच हवेत. डॅशबोर्डवरचे बटण शोधायला एक हात सुटतो, आणि घरातला दुसरा माणूस गाडी चालवत असेल तर ते बटण कुठे आहे हेही त्याला आठवत नाही. दुसरा धोका विजेचा. रिले असताना बटणातून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जातो. रिले वगळून डायरेक्ट केले की दोन हॉर्नचा आठ-दहा अँपिअरचा भार त्या स्वस्त बटणावर आणि बारीक वायरवर येतो. संपर्क जळतो, वायर तापते, आणि मध्ये फ्यूज ठेवला नसेल तर आगीलाही निमित्त मिळते.

दुसरा आक्षेप आवाजाचा. आधीच रस्त्यावर गोंगाट असताना हॉर्नची काळजी कशाला? गोंगाट खराच आहे, आणि विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ नुसार पहिल्या वेळी एक हजार आणि पुन्हा केल्यास दोन हजार रुपये दंड आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ प्रत्येक गाडीला पुरेसा इशारा देणारा हॉर्न असण्याची सक्तीही करतो, आणि त्याच नियमात अनेक सुरांच्या हॉर्नला बंदी आहे. एका दाबात खात्रीने वाजणारा मूळ हॉर्न असला की चालकाला बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागत नाही. खात्री गेली की माणूस मोठ्या आवाजाच्या हॉर्नकडे वळतो.

‘जुनी गाडी भंगारातच काढा’ हा तिसरा आक्षेप. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची फेरनोंदणी होते, तेव्हा ती तपासली जाते. ज्या गाडीला रस्त्यावर येण्याची परवानगी मिळते, तिचा हॉर्न पूर्ण सुरक्षित असलाच पाहिजे. वय हे अर्धवट दुरुस्तीचे कारण होऊ शकत नाही. वर सांगितलेली दुरुस्ती मात्र एअरबॅग असलेल्या गाडीला लागू नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि तिथे हॉर्नचे बटण सहसा एअरबॅगच्या आवरणावरच असते. ते माहितगार माणसाशिवाय कोणी उघडू नये.

जुगाडाचा दोष एकट्या मेकॅनिकवर टाकणे अन्यायाचे होईल. आपण सुट्या भागाचे पैसे निमूट देतो, पण दोष शोधण्यात गेलेल्या तासाचे पैसे मागितले की घासाघीस करतो. मग त्याने दहा मिनिटांत भोक पाडून मोकळे का होऊ नये? माहितीचीही अडचण आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. त्या प्रकरणाने दाखवलेली उणीव गावपातळीवर सर्वांत जास्त जाणवते. कंपन्यांनी जुन्या गाड्यांचे वायरिंगचे नकाशे मराठीत खुले करावेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात टेस्ट लॅम्प हातात देऊन असे लहान दोष शोधायला लावावेत. आणि गाडीमालकांनी बिलात ‘दोष शोधण्याची मजुरी’ अशी वेगळी ओळ स्वतःहून मागावी व ती पूर्ण द्यावी. ती दिली गेली तरच शेंदूरजनाघाटसारख्या गावातल्या कुशल हातांना नीट काम करणे परवडेल.