चाउडरच्या भांड्यातला शंख

बहामात कॉन्क चाउडर, म्हणजे शंखाच्या मांसाचं दाट सूप, करायचं तर आधी शंखाच्या शेंड्याजवळ हातोडीनं भोक पाडायचं, त्यातून सुरी घालून स्नायू सोडवायचा आणि मांस बाहेर ओढायचं. ते इतकं चिवट, की चांगलं ठेचल्याशिवाय दाताखाली तुटत नाही. मग खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या चरबीवर कांदा, सेलरी, ढोबळी मिरची परतायची. टोमॅटो, बटाटे, थाइम आणि जहाल 'गोट पेपर' मिरची घालून मंद आचेवर रटरटू द्यायचं.

कोलंबस 1492 मध्ये इथे उतरला, त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी, लुकायन लोक, हा शंख खात होते, त्याच्या कवचाची हत्यारं करत होते. स्पॅनिशांनी त्यांना गुलाम करून दुसऱ्या बेटांवर नेलं. तीसेक वर्षांत बहामा जवळपास ओस पडला. 1783 नंतर अमेरिकेतले ब्रिटिशनिष्ठ मळेवाले आले, सोबत गुलाम केलेली आफ्रिकी माणसं. इथल्या पातळ मातीत कापूस फार काळ तगला नाही. कित्येक मालक निघून गेले. मागे राहिलेल्यांना उथळ पाण्यातल्या शंखानं जगवलं. ठेचून उन्हात वाळवलेल्या मांसाला ते 'हरिकेन हॅम' म्हणत. वादळात होड्या अडकल्या की तेच पोटाला आधार. हॉटेलांच्या मेन्यूवर मिरवणारं चाउडर मुळात या माणसांचं अन्न आहे.

बहामी स्थलांतरितांनी ते फ्लोरिडातल्या की वेस्टला नेलं. तिथे शंखांचा इतका उपसा झाला, की 1980 च्या दशकात ते पकडायलाच बंदी आली. चार दशकं होत आली, तरी तिथली संख्या पूर्ववत झालेली नाही. चाउडर शिजतं ते आयात केलेल्या मांसावर. संख्या न सावरण्याचं कारण या जिवाच्या चालीत आहे. शंख फार हळू सरकतो. विरळ झाले की नर-मादीची गाठच पडत नाही. हेक्टरी पन्नासेक प्रौढ उरले नाहीत, तर वीण जवळजवळ थांबते. 1992 पासून 'साइट्स' या वन्यजीवविषयक करारानं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणलं, पण परवाना घेऊन निर्यात चालू राहिली.

ती निर्यात बहामानं आधी बंद करावी, असं माझं ठाम मत आहे. घरच्या चुलीचा हक्क पहिला. आणि कवचाचा ओठ नुसता फाकला म्हणून शंख काढू नये. त्यानंतरही तो वयात यायला वेळ लागतो. ओठ 15 मिलिमीटर जाड झाल्याशिवाय त्याला हात लावू नये. ही मोजपट्टी प्रत्येक होडीत हवी.