‘आत्ता आले हं!’

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, की आठ-दहा दिवस आमच्या गल्लीत सकाळी एकच सूर लागतो. (विदर्भातल्या मैत्रिणींकडे उन्हामुळे तो जरा उशिरा लागतो, एवढाच फरक.) नवं दप्तर, नवी पाण्याची बाटली, गालाला तीट आणि या सगळ्यावर ताण करणारं भोकाड! फाटकाबाहेर आई, फाटकाच्या आत बाई आणि मधे दोघींच्या ओढाताणीत ते पोर. मग कुणीतरी अनुभवी आजी सल्ला देते, ‘‘अगं, तू गुपचूप निघून जा. तू दिसलीस की जास्तच रडतो. चार दिवसांत गप्प बसेल.’’

मीही अशीच निघून गेले होते. माझा मुलगा तेव्हा पुरता तीनचाही नव्हता. ‘‘आत्ता आले हं, गोळ्या घेऊन येते,’’ असं सांगून मी मागच्या दाराने सटकले. बाईंनीच तशी खूण केली होती. तो खरंच चार दिवसांत गप्प बसला. पण घरी मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर बसून राहायचा. गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाले, की पायाला मिठी. रात्री झोपेत माझ्या पदराचं टोक त्याच्या मुठीत. दिवाळीपर्यंत हे चाललं. शाळेच्या दृष्टीने तो रुळला होता. त्याचा विश्वास उडाला होता तो माझ्यावरचा, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं लागली.

आज हा विषय काढला, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत अगदी लहान मुलांच्या शाळेबद्दल सरकारी पातळीवर बरेच निर्णय झाले. मोठ्या शहरांत त्यावर चर्चा होते. आपल्याकडे मात्र शिकवणीवाल्या ताई किंवा रिक्षावाले काका सांगतील तेच खरं. आणि रडणाऱ्या पोराचा दोष शेवटी पोराच्या नाहीतर आईच्या माथी. ‘फार लाडावलाय’ हे वाक्य मी तरी दरवर्षी ऐकते.

आधी वयाचा हिशेब करू. महाराष्ट्रात नर्सरीसाठी किमान ३ वर्षं आणि पहिलीसाठी किमान ६ वर्षं हा नियम आहे. पण ही वर्षं कुठल्या तारखेला पूर्ण हवीत? आधी ती तारीख ३० सप्टेंबर होती. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ती ३१ डिसेंबर केली. थोड्या दिवसांसाठी मुलाचं ‘वर्ष वाया जातं’ अशी ओरड होतीच, त्यामुळे खूप पालकांना हायसं वाटलं. आता बोटं मोजा. ज्या मुलीचा तिसरा वाढदिवस डिसेंबरच्या शेवटी, ती जूनमध्ये शाळेत जाते तेव्हा असते जेमतेम अडीच वर्षांची! तिच्याच वर्गात जानेवारीतच तीन पूर्ण केलेला मुलगा असतो. तो तिच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. तुमच्या-माझ्या वयाला एक वर्ष म्हणजे काहीच नाही, पण अडीच वर्षांच्या जीवाला ते केवढं! तो मुलगा चड्डी स्वतः काढतो-घालतो, पूर्ण वाक्यात बोलतो. ही अजून दुपारी आईच्या कुशीत झोपते. मग बाई म्हणतात, ‘तुमची मुलगी मागे पडतेय.’ मागे कसली पडतेय? ती लहान आहे, बस्स.

हेच पहिलीचं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आलं. त्यात ३ ते ८ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा धरलाय, आणि पहिलीत मूल ६ वर्षांचं असावं अशी अपेक्षा आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्याची आठवणही करून दिली. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ६ वर्षं ३१ मार्चला पूर्ण लागतात, म्हणजे शाळेत पाऊल टाकतानाच मूल सहाचं झालेलं असतं. आपल्याकडे डिसेंबरपर्यंतची सवलत असल्याने साडेपाच वर्षांचं मूलही पहिलीत बसतं. नियमाने ते बसू शकतं हे खरं, पण बसवलंच पाहिजे असं नियम कुठेच म्हणत नाही, हे आपण विसरतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमधला वाढदिवस असेल, तर एक वर्ष थांबायचं की नाही हा निर्णय तुमचा आहे. जावेच्या मुलाबरोबर आपलाही एकाच वर्षी जायला हवा, हे काही थांबू नये याचं कारण नव्हे. माझं मत विचाराल तर मूल बोलून आपली गरज सांगू शकत नसेल, तर खुशाल थांबा. (शेजारणी चार दिवस विचारतील, मग त्यांनाही कंटाळा येतो.)

दुसरा निर्णय वेळेचा. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. पण एकाच इमारतीत दोन पाळ्या चालवणाऱ्या शाळा अडल्या, बसवाल्यांनीही तक्रारी केल्या. ज्यांना खरीच अडचण आहे, त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं अशी वाट आदेशातच ठेवली होती. तुमच्या मुलाची शाळा अजून सातला भरत असेल, तर मुख्याध्यापकांना शांतपणे विचारा की ही परवानगी घेतलीय का. एकटीने विचारायला धीर होत नसेल तर चौघी मिळून जा. सहाला झोपेतून उचलून, दूध कसंबसं घशाखाली उतरवून पाठवलेलं मूल फाटकाशी रडतं, तेव्हा त्याला शाळा नकोशी असते असं नाही. निम्मी तर त्याची झोपच राहिलेली असते.

आणि भाषा! माझ्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा घरात अखंड बडबड्या. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातल्यावर महिनाभर रोज ओली चड्डी घेऊन घरी यायचा. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी आजीने शोध लावला. वर्गात नियम होता की बाहेर जायचं तर ‘मे आय गो टू टॉयलेट’ असंच म्हणायचं. त्याला ते वाक्य आठवेपर्यंत काम होऊन जायचं. बिचारा लाजेने कुणाला सांगेना. त्याच्या आईने बाईंना भेटून एवढंच मागितलं, की ‘बाई, शू’ म्हणाला तरी त्याला जाऊ द्या. आठवड्यात सगळं थांबलं. इंग्रजी माध्यमात घालावं की नाही हा वेगळा वाद आहे, त्यात मी आज शिरत नाही. पण भूक, तहान, शू आणि दुखणं, या चार गोष्टी मुलाला आपल्या भाषेत सांगता आल्याच पाहिजेत. प्रवेश घेतानाच हे विचारून घ्या.

तीच गोष्ट लिहिण्याची. तिसऱ्या वर्षी बोटांचे बारीक स्नायू पेन्सिल पेलण्याइतके तयार नसतात. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही ३ ते ६ वयाच्या मुलांना ठरवून दिलेली पाठ्यपुस्तकं नकोत, खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताने करायची कामं हवीत, असं म्हटलंय. आणि आपण? नर्सरीच्या पोराला चार पानं गृहपाठ मिळाला नाही, तर ‘शाळा काही शिकवत नाही’ म्हणून आपणच तक्रार करतो! शाळावाल्यांचं काय, जे खपतं ते ते विकतात. शिक्षणहक्क कायदा आहे २००९ चा, पण त्याचा हक्क ६ ते १४ वयापुरता. त्याआधीच्या वर्गांत काय चालतं यावर लक्ष ठेवणारे मुख्यतः आपणच.

सगळंच वाईट आहे असंही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. एप्रिलमध्ये एक, जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा. टेबलं मांडलेली असतात. एकावर मूल उड्या मारतं, एकावर रंग-आकार ओळखतं, एकावर चित्र पाहून गोष्ट सांगतं. आणि दोन मेळाव्यांच्या मधल्या सुटीत गल्लीतल्या आयांनी गट करून मुलांकडून छोटे छोटे खेळ करून घ्यायचे. त्यांच्यातलीच एक ‘लीडर माता’. मला हे फार आवडलं, कारण यात मूल पहिलीत जायच्या आधीच शाळेची इमारत, बाई आणि बाकीची पोरं ओळखीची होतात. अनोळखी जागेची भीती तिथेच अर्धी होते.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला (आता ते पालघर जिल्ह्यात आलं) काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला ते काम वाढलं, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला तो असा. आपल्या गावच्या अंगणवाडीत खिचडीशिवाय काय होतं, हे विचारायला आपण जात नाही. दोन वर्षं तिथे बसलेलं मूल पहिलीत फारसं रडत नाही, हे मी आमच्या शाळेसमोर राहून बघत आले आहे.

आता प्रत्यक्ष फाटकाशी काय करायचं? एक तर गुपचूप जायचं नाही. पोर रडलं तरी चालेल, पण त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, ‘मी जातेय.’ आणि कधी येणार तेही त्याच्या घड्याळात सांगायचं. त्याला बारा वाजता म्हणजे काय ते कळत नाही. ‘डबा खाल, मग गोष्ट होईल, मग घंटा वाजेल आणि मी इथे या झाडाखाली असेन’, हे कळतं. आणि मग खरोखर त्या झाडाखाली असायचं, घंटेच्या आधी. पहिल्या पंधरा दिवसांत पाच मिनिटांचा उशीरही करू नका. निरोप मात्र थोडक्यात. एक पापा, एक टाटा आणि वळायचं. तीनदा परत येऊन डोळे पुसलेत, तर त्याला वाटतं की इथे खरंच काहीतरी भयंकर असणार. पहिला आठवडा शक्यतो रिक्षाने पाठवू नका, स्वतः सोडा. आई नोकरीला असेल तर बाबा, आजी, मामा, कुणीही एकच ठरलेला माणूस चालतो. जुन्या साडीच्या तुकड्याचा रुमाल खिशात द्या, त्याला घरचा वास असतो. बटणाची नव्हे, इलॅस्टिकची चड्डी. ज्याचं झाकण त्याला स्वतःला उघडता येतं तोच डबा, मग तो कितीही जुना असो. ही तयारी मे महिन्यातच घरी व्हायला हवी. ऐन जूनमध्ये नवा कोरा घट्ट डबा हातात दिला, की पोरगं उपाशी घरी येतं.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न टाळा. ‘रडलास का रे?’ हा तर नकोच. जेवू द्या, लोळू द्या. संध्याकाळी आपोआप बोलेल. आणि ‘मस्ती केलीस तर बाईंना सांगेन’ ही धमकी घरातल्या सगळ्यांनी बंद करायची. ज्या बाईंच्या मांडीवर त्याने विश्वासाने बसावं असं आपल्याला वाटतं, त्यांचाच बागुलबुवा कशाला करायचा?

पहिले काही आठवडे चिडचिड, अंगठा चोखणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, हे चालायचंच. पण सगळं रडणं सारखं नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं आणि सारं राज्य हादरलं. नंतर शाळांत सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश निघाले. कॅमेरे हवेतच, पण आधी कान हवेत. चांगलं रुळलेलं मूल अचानक शाळेला नाही म्हणू लागलं, एखाद्याच माणसाला किंवा खोलीला घाबरू लागलं, शूच्या जागी दुखतंय म्हणालं, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. त्याला रागावू नका, खोदून खोदून उलटतपासणीही नको. जे सांगेल ते ऐकून घ्या, डॉक्टरांना दाखवा, पोलिसांत जा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. लाज वाटायची असेल तर ती दुसऱ्या कुणाला वाटू द्या.

आणि हो, ऑगस्टपर्यंत मूल छान जायला लागलं म्हणून निश्चिंत झालात, तरी दिवाळीची सुटी संपल्यावर पहिल्या सोमवारी तोच सूर पुन्हा लागणार आहे. मामाकडून पंधरा दिवस राहून आलेल्या पोराला शाळेत जावंसं वाटेलच कशाला! तेव्हा त्या सोमवारी थोडा वेळ हाताशी ठेवा आणि तेच झाड, तोच पापा, तोच टाटा. या वेळी बहुतेक दोन दिवसांत भागतं.