चार पूल, पण माणसं कमी: बुसानचं यंगदो बेट रिकामं का होतंय?

'पाचिन्को' ही मालिका पाहिली असेल, तर यंगदो तुम्हाला ठाऊक आहे. सुंजाचं लहानपण ज्या बेटावर जातं, तेच हे. आज ते दक्षिण कोरियातल्या बुसान शहराचा एक जिल्हा आहे आणि तिथली लोकसंख्या झपाट्याने घटतेय.

एकेकाळी यंगदोत 2 लाखांहून जास्त लोक राहायचे. आता हा आकडा 1 लाखाच्या आसपास आलाय. दर 10 जणांमध्ये 3 हून अधिक जण पासष्टीच्या पुढचे आहेत. 2021 मध्ये कोरिया सरकारने लोकसंख्या घटत असलेल्या 89 भागांची यादी काढली. त्यात बहुतेक ग्रामीण भाग होते, पण बुसानसारख्या महानगरातले तीन जिल्हेही होते: यंगदो, दोंग आणि सो.

बेट आहे तरी कसं?

क्षेत्रफळ जेमतेम 14 चौरस किलोमीटर. मधोमध 395 मीटर उंच बोंगनेसान डोंगर. त्यामुळे सपाट जमीन मिळते ती काठावरच, आणि तिथे गोद्या, गोदामं आणि जहाजदुरुस्तीची कामं आधीपासूनच होती. मग माणसं राहणार कुठे? उतारावर.

1950 मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं आणि देशभरातून निर्वासित बुसानला आले. ताटातूट झालेल्या कुटुंबांनी भेटायची जागा ठरवली होती यंगदो पूल. 1934 चा हा पूल जहाजं जाण्यासाठी उचलला जायचा, म्हणून सगळ्यांना माहीत होता. यातल्या अनेकांनी डोंगराच्या कडेला मिळेल त्या जागेत घरं बांधली. अरुंद बोळ, पायऱ्याच पायऱ्या, दाराशी गाडी येत नाही. तरुणपणी हे निभावतं. पंचाहत्तरीत भाजीची पिशवी घेऊन चढायचं म्हणजे शिक्षाच.

काम होतं तोवर माणसं होती

देप्योंग-दोंग भागाला 'कांगकांगी' म्हणतात. जहाजाच्या तळाला चिकटलेला गंज आणि शिंपले हातोडीने ठोकून काढताना जो आवाज व्हायचा, त्यावरून हे नाव पडलं. हे काम बहुतेक बायका करायच्या, दोरीला टांगलेल्या फळीवर बसून. युद्धानंतर घर चालवायची वेळ आलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या.

बेटावरचं मोठं जहाजबांधणी केंद्र तेव्हा हानजिन कंपनीचं होतं. जागा अपुरी पडू लागल्यावर कंपनीने फिलिपिन्सच्या सुबिक उपसागरात नवं केंद्र उभारलं. मग यंगदोत कामगारकपात आली. 2011 मध्ये कामगार नेत्या किम जिन-सुक त्याविरोधात 85 क्रमांकाच्या क्रेनवर चढल्या आणि 309 दिवस वरच राहिल्या. कोरियात आजही हे आंदोलन विसरलेलं नाही. पण बेटाचा जुना रोजगार काही पूर्ववत झाला नाही.

मग पुलांनी काय केलं?

आज यंगदोला चार पूल आहेत. 1980, 2008 आणि 2014 मध्ये एकेक नवा पूल झाला. मेट्रो मात्र अजूनही बेटावर येत नाही. मला इथे खरी मेख दिसते. पुलांमुळे बेटावर येणं सोपं झालं, तसंच बेट सोडणंही. काम यंगदोत आणि घर पलीकडच्या नव्या, लिफ्टवाल्या इमारतीत, असा हिशेब सहज जमतो. समुद्राशी संबंधित काही राष्ट्रीय संशोधन संस्था सरकारने राजधानी परिसरातून इथे आणल्या. पण कार्यालय आलं म्हणजे कर्मचाऱ्याचं बिऱ्हाड येतंच असं नाही.

हा प्रश्न एकट्या यंगदोचा नाही. 2024 मध्ये कोरियाच्या रोजगार माहिती संस्थेने बुसानला 'लोप पावण्याचा धोका' असलेल्या शहरांत टाकलं. एखाद्या महानगरावर ही वेळ पहिल्यांदाच आली. मोजमाप साधं आहे: 20 ते 39 वयोगटातल्या स्त्रियांच्या संख्येला 65 वर्षांवरच्या लोकांच्या संख्येने भागायचं. उत्तर 0.5 च्या खाली गेलं की धोका. (स्त्रियांकडे फक्त एक आकडा म्हणून पाहणारा हा निकष अनेकांना खटकतो, आणि ते बरोबरच आहे.)

पर्यटक मात्र वाढलेत. कड्यावरच्या ह्विनयौल वस्तीत 'द अॅटर्नी' सिनेमाचं चित्रीकरण झालं. निर्वासितांच्या तिथल्या जुन्या घरांमध्ये आता समुद्र दिसणारे कॅफे आहेत. 1966 पासून बंद असलेलं यंगदो पुलाचं उचलणंही 2013 मध्ये पुन्हा सुरू झालं. फोटो काढून लोक संध्याकाळी पलीकडे परततात. वरच्या बोळांमधल्या रिकाम्या घरांना मात्र कुलूपच आहे.