चाड्याची नोंद कोणत्या दप्तरी?

धाडसारख्या गावाहून मुंबईस गेलेल्या माणसाला भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाशी पोहोचताच एक आत्मीय समाधान लाभते, कारण आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या कन्येचे नाव त्या महानगराने आदराने धारण केलेले असते. परंतु त्याच उद्यानालगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातून बाहेर पडताना त्या समाधानाला जी रुखरुख येऊन मिळते, तिच्याविषयी जिल्ह्यातील वाचकांशी बोलावेसे वाटते.

पॅरिस येथील १८५५ च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे जिन्नस जमवण्यात आले, त्या खटाटोपातून या संग्रहाचा उगम झाला. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या लोकाग्रणींनी तो उचलून धरला आणि १८७२ साली आजची देखणी वास्तू लोकांस खुली झाली. कोणत्या मुलखात काय पिकते आणि कोणता हात काय घडवतो, याची मोजदाद राज्यकर्त्यांना व्यापारासाठी हवी होती; वऱ्हाडच्या कापसासाठी १८७० साली खामगावपर्यंत आगगाडी आली, तीही याच दृष्टीने. हेतू काहीही असो, जे जमले ते अमोल आहे. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या प्रतिमा तेथे आहेत. आणि मुंबईच्या कलाशाळेत घडलेली, अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी उतरवलेली मृत्पात्रे पाहताना तर आमच्या मुलखातल्या माणसाचे पाऊल हटकून अडखळते, कारण ज्या लेण्यांच्या डोंगररांगेत आपण राहतो, त्यांचीच रेषा तेथे मडक्याच्या पोटावर फिरलेली दिसते.

मग प्रश्न असा पडतो की, आमच्या गावच्या सुताराच्या हातचे काय कोठे जतन झाले? तिफणीचे चाडे घ्या. लाकडाचा ठोकळा वाटीसारखा कोरून, तळाशी तीन छिद्रे पाडून, त्यांतून निघणारे पोकळ वेळूचे नळे फणांमागे अशा बेताने सोडायचे की पेरणाऱ्या बाईच्या मुठीतून सुटलेले बी तिन्ही तासांत सारखे वाटले जावे; वाटीचा उतार किंचित चुकला तर एक तास दाट आणि दुसरे विरळ, आणि त्याचे फळ घरधन्याने वर्षभर भोगायचे. अभिकल्प म्हणून ज्या विद्येचे आज मोठ्या शहरांतून शिक्षण दिले जाते, ती याहून निराळी ती कोणती? ट्रॅक्टरची पेरणी आली, ती सोयीची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चाडे माळ्यावर गेले, माळ्यावरून चुलीत गेले, आणि ते कोरणाऱ्याचे नाव तर कोणत्याच दप्तरी नव्हते. मोटेची, जात्याची, लोहाराच्या भात्याची गत याहून वेगळी नाही.

असले काम सरकारदरबारच्या मंजुरीवाचून अडते, हे मला मान्य नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे आणि वाद्ये हौसेने व पदरमोडीने गोळा केली, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले आणि १९७५ साली तो अवघा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. घरोघरच्या वापरातली वस्तू संग्रहालयाच्या योग्यतेची असते, हे त्या एका गृहस्थाने सिद्ध करून दाखवले.

धाडला भायखळ्यासारखी इमारत नको. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक कोरडी खोली पुरे, आणि तिच्यात वस्तूंइतकीच महत्त्वाची अशी एक नोंदवही हवी: वस्तू कोणाच्या घरची, लाकूड कोणते, घडवली कोणी, वापरायची कशी. शहरातील काचेच्या कपाटांत जी उणीव मला सर्वाधिक जाणवते ती घडवणाऱ्याच्या नावाची, आणि ती उणीव भरून काढणे गावालाच शक्य आहे, कारण त्या नावाला ओळखणारी माणसे गावातच आहेत. चाडे कोरलेले वृद्ध सुतार अजून काही घरांत हयात आहेत. शिक्षकांनी आणि सरपंचांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवावे.