विमान निवृत्त झाले. धावपट्टी केव्हा होणार?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली याच चंडीगडला ते प्रथम वायुसेनेत दाखल झाले होते. बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर झालेल्या या निरोपाला संरक्षणमंत्री जातीने हजर होते, वायुसेनाप्रमुखांनी स्वतः विमान उडवले, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. ज्या यंत्राने १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवला त्याला मानाने निरोप द्यावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा तर या विमानाशी जवळचा संबंध. नाशिकजवळच्या ओझरच्या सरकारी कारखान्यात मराठी कामगारांच्या हातून शेकडो मिग विमाने बाहेर पडली. त्या कामगारांची आठवण निरोपाच्या भाषणांत कितपत झाली हा प्रश्न बाजूला ठेवू.

महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ज्या विमानाची मुदत केव्हाच संपली होती ते २०२५ पर्यंत कामावर का राहिले, आणि त्याची किंमत कोणी मोजली? २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले होते. तोवर घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ४८२ विमाने अपघातांत गेली होती; १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक त्यांत मृत्यू पावले होते. हे आकडे बाहेर आल्यानंतरही मिग-२१ तेरा वर्षे उडतच राहिले. ८ मे २०२३ रोजी राजस्थानात हनुमानगडजवळच्या एका खेड्यात ते एका घरावर कोसळले. वैमानिक वाचला, गावातील तीन स्त्रिया प्राणास मुकल्या. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. मरण आले ते स्वतःच्याच सरकारच्या दप्तरदिरंगाईतून.

दिरंगाई हा शब्द येथे जपून वापरलेला नाही. जुन्या विमानाची जागा घेण्यासाठी म्हणून ज्या 'तेजस'चा गाजावाजा झाला, त्याच्या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवण्यात आली. मिगला निरोप देण्याच्या आदल्या दिवशी आणखी ९७ विमानांच्या ६२ हजार कोटी रुपयांवरील करारावर सह्या झाल्या. पण त्या दिवसापर्यंत पहिल्या मागणीतील एकही विमान वायुसेनेच्या हाती पडलेले नव्हते. अमेरिकेतून यायची इंजिने वेळेवर आली नाहीत, हे एक कारण. आत्मनिर्भरतेच्या घोषणांच्या गदारोळात ते कारण कोणी मोठ्याने सांगत नाही. परिणाम असा की, ४२ तुकड्या मंजूर असलेल्या वायुसेनेजवळ मिग गेल्यानंतर २९ तुकड्या उरल्या.

ही तूट खरी आहे. ती नाकारणे शहाणपणाचे नाही आणि समाजवाद्यांनी ती नाकारूही नये. मात्र तिचा उपयोग कसा केला जातो, इकडे कार्यकर्त्यांनी लक्ष दिले पाहिजे. देशाकडे विमाने कमी आहेत, सीमेवर संकट आहे, अशा वेळी संरक्षण खात्याला प्रश्न विचारणारे कोण, असा सूर लागतो. आणि तो सूर दिल्लीत लागला की त्याचा आघात गल्लीतल्या माणसावर होतो. ठाणे जिल्ह्यात तो ज्यांच्यावर होतो ती माणसे कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नेवाळी, भाल आणि आजूबाजूच्या गावांत राहतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोचलेले असताना इंग्रज सरकारने या गावांची सोळाशे एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी ताब्यात घेतली. भाताची खाचरे सपाट करून धावपट्ट्या बांधल्या गेल्या. १९४५ साली युद्ध संपले. १९४७ साली इंग्रज गेले. ज्या विमानांसाठी त्या धावपट्ट्या होत्या ती विमाने मिगच्याही आधीच्या पिढीची. त्यांतली एखाददुसरी आज संग्रहालयात पाहायला मिळेल. आज नेवाळीहून एकही लढाऊ विमान उडत नाही. पण जमीन मात्र अद्याप 'सेवेत' आहे! गावकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कसली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे युद्धापुरती दिलेली जमीन युद्धानंतर परत मिळायची होती. उलट संरक्षण खाते म्हणते, जमीन आमच्या नावावर आहे.

२०१७ साली हा वाद पेटला. त्यापूर्वी वर्षभर, मे २०१६ मध्ये, नौदलाने आपली सी हॅरियर ही लढाऊ विमाने गोव्यात दाबोळीला निवृत्त केली होती. तेहतीस वर्षांत त्या विमानाची उपयुक्तता संपली हे नौदलाला बरोबर कळले. तेच नौदल २०१७ मध्ये नेवाळीला पाऊणशे वर्षांपूर्वीच्या धावपट्टीभोवती भिंत घालू लागले, आणि तेही ऐन मृगात, पेरणीच्या दिवसांत. २२ जूनला शेतकरी रस्त्यावर उतरले. टायर जळाले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. शेतकरी जखमी झाले, तसेच पोलीसही झाले. गाड्या पेटवण्याचे समर्थन करता येणार नाही. ज्या पोलिसाला मार बसला तोही कोणा शेतकऱ्याचाच मुलगा होता, आणि त्या एका दिवसाच्या आगीने मूळ प्रश्न धुरात झाकून टाकण्याची सोय सरकारला करून दिली. दुसऱ्या दिवसापासून चर्चा जमिनीची राहिली नाही, दंगलीची झाली. पण सत्याग्रहाची शिस्त शिकवण्यासाठी त्या गावांत आधी कोण गेले होते, हा प्रश्नही चळवळीने स्वतःला विचारायला हवा.

मूळ प्रश्न कायद्याच्या दोन शब्दांत आहे. एक अधिग्रहण, दुसरा संपादन. सरकारी कागदांत ते दोन्ही शेजारी-शेजारी बसतात म्हणून ते एकच आहेत असे समजणे ही मोठी चूक ठरेल. संपादन म्हणजे मालकी कायमची जाणे. त्यासाठी निवाडा व्हावा लागतो, मोबदला ठरावा लागतो, तो द्यावा लागतो. अधिग्रहण म्हणजे गरजेपुरता ताबा. मालकी मूळ धन्याचीच राहते आणि गरज सरली की वस्तू परत जाते. महायुद्धात भारत संरक्षण कायद्याखाली इंग्रजांनी देशभर जमिनी, घरे, वाहने घेतली ती बहुतांशी अशा दुसऱ्या प्रकाराने. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली संसदेने स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा व संपादनाचा कायदा केला. त्यात मालमत्ता मोकळी करताना ती होती तशी परत करावी असे सांगितले आहे. अधिगृहीत मालमत्तेचे संपादन केव्हा करता येईल यालाही अटी घातल्या: सरकारी खर्चाने तेथे उभारलेले बांधकाम वाया जात असेल, किंवा जमीन पूर्ववत करण्याचा खर्च अतोनात असेल, तरच. १९७० च्या दुरुस्तीने तर अशा ताब्याला कमाल मुदत घातली. ती मुदत नंतर वारंवार वाढवण्यात आली हे खरे, पण वाढवावी लागली याचाच अर्थ मुदत होती! पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका सदनिकेच्या प्रकरणात, एच. डी. व्होरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, तीस वर्षे चाललेले अधिग्रहण मोडीत काढले. अधिग्रहणाच्या नावाखाली कायमचा ताबा ठेवणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असा त्या निकालाचा आशय होता. मुंबईतील सदनिकेच्या मालकाला जो न्याय मिळाला तो नेवाळीच्या आगरी शेतकऱ्याला का मिळू नये?

तेव्हा सरकारपुढे दोनच वाटा उरतात. नेवाळीची जमीन रीतसर संपादन झाली असेल तर गट-नंबरवार निवाडे, मोबदल्याच्या पावत्या आणि फेरफाराच्या नोंदी गावच्या चावडीवर लावाव्यात. गावकरी वाचतील, त्यांची मुले वाचतील, वकील वाचतील. जमीन केवळ अधिग्रहणाने घेतली असेल तर तिची मुदत कधीच उलटली आहे. तिसरी वाट, म्हणजे कागद कपाटात आणि भिंत शेतात, ही लोकशाही राज्याला शोभणारी नाही. आणि संरक्षण खात्याच्या कागदांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी परिस्थिती तरी आहे का? जानेवारी २०२२ मध्ये या खात्यानेच अभिमानाने जाहीर केले की, १७.७८ लाख एकर संरक्षण-जमिनीची मोजणी पूर्ण झाली आणि स्वातंत्र्यानंतर अशी संपूर्ण मोजणी पहिल्यांदाच झाली. म्हणजे २०१७ साली नेवाळीत भिंत घालायला निघालेल्या धन्याने आपली सगळी शेते तोवर मोजलेलीही नव्हती.

युद्धासाठी घेतलेली जमीन नागरी गरजेसाठी मोकळी करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी नेवाळीपासून काही मैलांवर उल्हासनगरला जाऊन यावे. तेथे महायुद्धात इंग्रजांनी लष्करी छावणी उभारली होती. जुनी माणसे आजही तिला कल्याण कॅम्पच म्हणतात. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या लाखाच्या घरातील निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. स्वतंत्र भारताचे सरकार तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते, तिजोरी रिकामी होती, काश्मीरची लढाई नुकतीच थांबली होती. तरीही छावणीचे काम संपले आहे आणि माणसांची गरज मोठी आहे, एवढे त्या सरकारला समजले. एकाच तालुक्यात, एकाच युद्धासाठी घेतलेल्या दोन जागा. त्यांतली छावणी निवृत्त झाली आणि विमानतळ मात्र कामावर राहिला. फरक कायद्याचा नव्हता, इच्छेचा होता. (छावणीची जमीनही मूळ कसणाऱ्यांकडे परत गेली नाही, हे विसरता कामा नये.)

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. डोंबिवली-कल्याणच्या मध्यमवर्गात तो सर्रास ऐकू येतो. जमीन शेतकऱ्यांना दिली की ती वर्षभरात बिल्डरच्या घशात जाईल, खोणीच्या बाजूला उठलेल्या टोलेजंग इमारतींसारख्या आणखी इमारती नेवाळीला उठतील. त्यापेक्षा मोकळी जमीन नौदलाकडे असलेली बरी. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. परंतु लोकलच्या दारात लोंबकळत घर गाठणाऱ्या माणसाने ज्या इमारतीत घर घेतले ती जमीनही कालपर्यंत कोणाची तरी शेतीच होती. शेतकऱ्याने जमीन विकली तर तो लोभी आणि सरकारने अडवली तर ती देशसेवा, हा न्याय कुठला? भीती खरी असेल तर तिच्यावर उपायही आहेत. परत दिलेल्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालता येतात. गावांच्या सहकारी संस्थांकडे काही भाग सोपवता येतो. शाळा, रुग्णालय, पाण्याचे तळे यांसाठी हिस्सा राखता येतो. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये पाच हुतात्मे देऊन साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व सरकारच्या गळी उतरवलेच की नाही? संपादन झालेली जमीनसुद्धा अंशतः परत येऊ शकते, हे त्या लढ्याने दाखवून दिले.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. त्या कायद्याखाली घेतलेली जमीन पाच वर्षांत वापरली नाही, तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत करावी अथवा सरकारी जमीन-पेढीत जमा करावी, असे कलम १०१ सांगते. हे कलम नेवाळीला लागू होत नाही, कारण ती जमीन फार आधी घेतलेली आहे. पण पाच वर्षे पडून राहिलेल्या जमिनीवरचा हक्क सरकार ज्या तत्त्वाने सोडायला तयार होते, ते तत्त्व ऐंशी वर्षे पडून राहिलेल्या जमिनीला लागू नाही असे म्हणणे कायदेपंडिताला जमेल, सामान्य माणसाला जमणार नाही.

राहिला विमानांच्या तुटीचा प्रश्न. २९ तुकड्यांच्या ४२ करायच्या तर इंजिने हवीत, कारखान्यांत वेळेवर काम हवे, ओझरच्या कामगारांना सतत हाताला काम हवे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेल्या पहिल्या सुधारित 'तेजस'ने उड्डाण केले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्या उड्डाणाला नेवाळीच्या भिंतीची गरज पडली नाही. नौदलाला खरोखरच नेवाळीला काही उभारायचे असेल तर ते काय आहे, किती एकरांत आहे, हे त्याने सांगावे; लागेल तेवढी जमीन आजच्या कायद्याने, आजच्या मोबदल्याने मागावी आणि बाकीची मोकळी करावी. सेवेतून काढलेली 'टी-८०' ही युद्धनौका नौदलाने कल्याणला दुर्गाडीच्या खाडीकाठी स्मारक म्हणून दिली. नगराने ती आदराने स्वीकारली. ज्या गावांच्या शिवारात धावपट्टी पडून आहे, त्यांनी स्मारक मागितलेले नाही.

कार्यकर्त्यांनी आता वाट पाहू नये. गावोगाव सातबाराचे जुने उतारे गोळा करावेत, १९४० च्या दशकातील पीकपाहण्या व फेरफार तलाठी कार्यालयातून मागवावेत, माहितीच्या अधिकाराखाली नौदल आणि जिल्हाधिकारी या दोघांकडे एकाच दिवशी अर्ज टाकावेत. युद्धाच्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते असे मोजकेच वृद्ध या गावांत उरले असतील; कोणाचे शेत कोठवर होते हे बांधासह दाखवू शकतील असे तेच शेवटचे. त्यांचे जबाब पुढच्या पावसाळ्याच्या आत लिहून घ्यावेत.