तोंडावरचा हात

‘हसतील त्याचे दात दिसतील’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. लोकांच्या उपहासाची पर्वा करू नये, हा तिचा आशय. परंतु ज्याला स्वतःचेच दात दिसण्याची धास्ती वाटते, त्याने काय करावे, याचे उत्तर त्या म्हणीत नाही. कोणत्याही लग्नघरातील छायाचित्रे काढून पाहावीत. दहापाच हसऱ्या मुखांच्या रांगेत एखादी मुलगी ओठ घट्ट मिटून उभी असते. एखादीने ऐन हसण्याच्या क्षणी रुमाल किंवा पदर तोंडाशी नेलेला असतो. घरची माणसे त्याला विनय म्हणतात. पुष्कळदा तो विनय नसतो. शाळेत कुणीतरी केव्हातरी थट्टेने उच्चारलेला एक शब्द असतो आणि तेव्हापासून तो हात तोंडावर गेलेला असतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांचा दंतवैद्याशी संबंध येई तो दात दुखू लागल्यावर, आणि तो संपे दात उपटून घेतल्यावर. आता काळ पालटला आहे. बांबोळी येथील दंत महाविद्यालय १९८० साली सुरू झाले आणि खाजगी दवाखाने तर आज प्रत्येक शहरात आहेत. दातांना तार बसवून घेणे ही मध्यमवर्गीय घरांत नित्याची गोष्ट झाली आहे. या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्यासोबत एक प्रश्न विचारणेही अगत्याचे आहे. आपले हसू सदोष आहे, हे आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहून ठरवितो? स्वतःच्या, वैद्याच्या, की वरपक्षाच्या?

सुंदर दात म्हणजे कोणते, याविषयी मानवजातीचे कधीच एकमत नव्हते. आपल्याच पणज्यांच्या काळी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत आणि त्यात सौभाग्याची शोभा मानीत. जपानमध्येही विवाहित स्त्रिया दात काळे करीत; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती चाल मागे पडली. त्याच जपानमध्ये किंचित पुढे आलेला सुळा आजही अनेकांना गोड वाटतो. आपल्याकडे तोच सुळा दाखविण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो!

दात सरळ करण्याच्या शास्त्राची कथाही याहून निराळी नाही. या शास्त्राचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचे वर्गीकरण केले. ते आजही जगभर शिकविले जाते. मुखसौंदर्याचा आदर्श म्हणून त्यांच्यासमोर होता अपोलो देवतेचा प्राचीन संगमरवरी पुतळा. परंतु एडमंड वुर्पेल या त्यांच्या चित्रकार मित्राने त्यांना समजाविले की, सर्व चेहऱ्यांना लागू पडेल असा सौंदर्याचा एकच साचा असू शकत नाही. पुढे दात न काढता सर्वच्या सर्व रांगेत बसवावेत, हा अँगल यांचा आग्रहही त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी मोडला. ज्या शास्त्राच्या प्रवर्तकालाही अंतिम साचा सापडला नाही, त्याच्या नावाने शेजारणीने आपल्या मुलीसाठी साचा ठरवावा, हे विपरीत नव्हे काय?

पाहणाऱ्याचा डोळा किती बदलतो, याचा एक बोलका पुरावा अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळाला. हसऱ्या मुखांच्या छायाचित्रांत थोडेथोडे मुद्दाम फेरफार करून ती दात सरळ करणारे तज्ज्ञ, सामान्य दंतवैद्य आणि सर्वसाधारण लोक अशा तिघांना दाखविण्यात आली. वरच्या दातांची मध्यरेषा चार मिलिमीटरने एका बाजूला सरकलेली आहे, हे तज्ज्ञांच्या ध्यानात आले. सामान्य दंतवैद्यांच्या आणि इतरांच्या ते लक्षातही आले नाही. उलट पटाशीचे दात थोडे जरी कलले तरी ते सर्वांनाच खटकले. तात्पर्य, तज्ज्ञाला दिसणारा प्रत्येक दोष जगाला दिसतोच असे नाही, आणि जगाला दिसणारा दोष हा मनाचा खेळ असतोच असेही नाही.

राहता राहिला आरसा. आरशातील चेहरा उजव्याचा डावा झालेला असतो. १९७७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या एका प्रयोगात व्यक्तींना स्वतःचे आरशातल्यासारखे उलटे छायाचित्र अधिक आवडले, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटे. ज्याला जे पाहण्याची सवय, त्याला ते रुचते. म्हणजे आपले म्हणून जे हसू आपण वर्षानुवर्षे न्याहाळतो, ते जगाने कधी पाहिलेलेच नसते. त्यात आता मोबाईलची भर पडली आहे. हातभर अंतरावरून टिपलेल्या छायाचित्रात नाक आणि पुढचे दात असतात त्याहून मोठे भासतात. अशा साक्षीदारांच्या भरवशावर स्वतःला दोषी ठरविणाऱ्या तरुणतरुणींची संख्या थोडी नाही.

दात सरळ झाले की मनही सरळ होते, हा समजही पारखून घेतला पाहिजे. ब्रिटनमधील कार्डिफ येथे १९८१ साली अकराबारा वर्षांच्या १०१८ मुलांची पाहणी सुरू झाली. वीस वर्षांनी त्यांपैकी ३३७ जणांना पुन्हा तपासण्यात आले. ज्यांनी उपचार घेतले होते त्यांचे दात अधिक सरळ होते आणि आपल्या दातांविषयी ते अधिक समाधानीही होते. परंतु बालपणी उपचार न मिळाल्यामुळे पुढील आयुष्यात मानसिक अडचणी आल्या, असे मात्र आढळले नाही. लहानपणी ज्याचा आत्मविश्वास भक्कम होता त्याचा तो पुढेही बव्हंशी टिकला. दात कसेही असोत.

याचा अर्थ उपचार निरर्थक आहेत, असा कुणी काढू नये. वरचे दात फार पुढे आलेल्या मुलाला खेळताना पडल्यास ते तुटण्याचा धोका अधिक असतो. दुभंगलेले ओठ वा टाळू घेऊन जन्मलेल्या बालकांना तर या उपचाराविना गत्यंतर नाही. ब्रिटनमध्ये १९८९ साली गरजेची प्रतवारी करणारे एक मोजमाप तयार झाले. त्याचा एक भाग दातांच्या आरोग्याचा आहे आणि दुसरा दिसण्याचा. दुसऱ्यासाठी दहा छायाचित्रांच्या श्रेणीशी दात ताडून पाहिले जातात. तेथील सरकारी आरोग्यसेवा मुलांवरील उपचाराचा खर्च या मोजमापाच्या आधारे उचलते. आपल्याकडे अशी प्रतवारी करते ती पालकांच्या खिशाची ऐपत! परिणामी खरी गरज असलेले मजुराचे मूल मागे राहते आणि चार मिलिमीटरच्या फरकासाठी सधन घरातील मुलीची झोप उडते.

या प्रश्नाचा सर्वांत क्लेशकारक भाग म्हणजे लग्नाचा बाजार. स्थळे पाहावयास आरंभ झाला की आईला मुलीचे दात आठवतात आणि ‘चार महिन्यांत होईल ना?’ असा प्रश्न घेऊन ती दवाखान्याची पायरी चढते. परंतु हाडाला मुहूर्त कळत नाही. तारेच्या मंद दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने सरकतो. संपूर्ण उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. तार निघाल्यावरही दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून ते धरून ठेवणारी पट्टी पुढे दीर्घकाळ वापरावी लागते. घाईच्या गिऱ्हाइकाला मात्र झटपट किमयेचे आमिष दाखविणारे भेटतातच. अमेरिकेत टपालाने घरपोच पारदर्शक साचे पाठवून दात सरळ करून देण्याचा व्यवसाय करणारी एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. दात हलविणे हे हाड हलविणे आहे. ते प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे.

आणि मुलाच्या बाबतीत हा प्रश्न किती घरांत निघतो? वेडेवाकडे दात असलेला वर ‘कर्ता’ ठरतो आणि तसेच दात असलेली वधू ‘जरा कमी’ ठरते. हे व्यंग दातांत नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे, आणि त्यावर कोणतीही तार उपयोगी पडणार नाही.

मग करावे काय? प्रथम, मुले सात वर्षांच्या आसपास असताना शाळेतच त्यांच्या दातांची तपासणी व्हावी आणि ज्यांना आरोग्याच्या दृष्टीने उपचाराची निकड आहे त्यांना ते सरकारी रुग्णालयात माफक खर्चात मिळावेत. दुसरे, वैद्याने रुग्णाचे तोंड उघडण्यापूर्वी त्याला बोलते करावे. ‘तुला स्वतःला काय खटकते?’ हा प्रश्न आईला नव्हे, मुलीला विचारावा आणि उपचाराची मुदत, खर्च व मर्यादा यांची तिला निखळ कल्पना द्यावी. तिने विचारपूर्वक ‘हवे’ म्हटले तर केवळ दिसण्यासाठी उपचार घेण्यातही लज्जास्पद काही नाही. आणि ‘नको’ म्हटले तर तो निर्णय घरच्यांनी मानला पाहिजे. तिसरे, शिक्षकांनी आणि पालकांनी दातांवरून पडणारी टोपणनावे थट्टेवारी न नेता तेथल्या तेथे थांबवावीत. दात वाकडे असल्याचे दुःख पुष्कळदा त्या नावातूनच उपजते.

ज्या मुलीच्या तोंडावरचा हात तारेने खाली येणार असेल, तिला तार अवश्य मिळो. परंतु तो हात वर कोणी नेला, हेही आपण एकदा आठवून पाहावे. पुढच्या लग्नात छायाचित्र काढताना ‘तू जरा तोंड मिटून उभी राहा गं’ असे सांगणारी आत्या वा मावशी गप्प राहिली, तरी त्या रांगेत एक हसू वाढेल.